तुमना गावमा तारा नहीत का?

अंधार शोधायला निघायचं तर आधी पंचांग बघावं लागतं. आम्ही पौष अमावास्या धरली, २९ जानेवारी २०२५, बुधवार. चंद्र नसणार हे उघड कारण. दुसरं कारण आपल्याकडचं खास. पौषात लग्नं कमी, म्हणजे वरातीपुढचे डीजे कमी आणि डीजेच्या गाडीवरून आभाळात घुसणारे शार्पी लाइटही कमी. आणि तिसरं म्हणजे हवा. पावसाळ्यात आभाळ धुतलेलं असतं पण झाकलेलं, एप्रिल-मे महिन्यांत धुळीनं पांढुरकं. खानदेशात ताऱ्यांसाठी खरा हंगाम थंडीचाच. तोच भरिताचाही हंगाम आहे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

सोबत मावसभाऊ. गाडी त्याची, म्हणून गाणीही त्याचीच. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेऊन बसलेली. सामान फार नव्हतं: १०×५०ची दुर्बीण, गोधड्या, माकडटोप्या, एक पांढरा टॉवेल (तो का, ते पुढे येईल) आणि संक्रांतीच्या उरलेल्या पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला टॉर्च. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोतात ती मोडते. लाल उजेडात ती बरीच टिकते.

सोमवार, २७ जानेवारी. जळगाव

सकाळी गाडीतून उतरलो तर स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. सगळे प्रयागराजला निघालेले, मौनी अमावास्येच्या स्नानाला. डोक्यावर बोचकी, हातात स्टीलचे डबे. अमावास्या एकच, त्यांनी नदी धरली आणि आम्ही डोंगर.

संध्याकाळी मेहरुण तलावावर गेलो. काळोख बघायला निघण्याआधी उजेड बघून घ्यावा, हा पुतणीचा आग्रह. तिच्या मते आधी एक माप ठरवायला हवं, नाहीतर परत येऊन 'खूप तारे दिसले' एवढंच सांगू. माप सोपं निघालं. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचे चार तारे मिळून आकाशात मोठा चौकोन होतो. जानेवारीत तो संध्याकाळी पश्चिमेला असतो. त्या चौकोनाच्या पोटात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचं. अगदी गडद आकाशात डझनभर तरी दिसायला हवेत.

मेहरुणवर चौकोनाचे चार कोपरेच कसेबसे जुळवले. पोट रिकामं. कृत्तिका म्हणजे पुसट डाग. शुक्र, गुरू, मंगळ मात्र ठणठणीत, आणि तलावावर फिरायला आलेले बरेच जण मोबाइल वर करून 'ग्रहांची परेड' शोधत होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपवर त्या परेडनं नुसता धुमाकूळ घातला होता. हे तेजस्वी ग्रह बघायला अंधार लागतच नाही, ते कुठल्याही गच्चीवरून दिसतात. अंधार लागतो तो बाकीच्या सगळ्याला.

आकाश इतकं उजळ का, तर दिव्यांतून वर आणि आडवा जाणारा प्रकाश हवेतले रेणू, धूळ आणि धूर सगळीकडे उधळतात. निळा प्रकाश त्यात जास्त उधळला जातो, दिवसा आभाळ निळं दिसतं त्याच कारणानं. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे असत. २०१५ साली केंद्राची पथदिव्यांची योजना आली आणि त्यांच्या जागी गावोगाव पांढरे एलईडी बसले. बिल कमी झालं ही चांगलीच गोष्ट. पण दिवा स्वस्त झाला की माणूस एकाच्या जागी तीन लावतो. दुकानाच्या पाटीला एक, पाटीवर झोत टाकायला दुसरा आणि शेजाऱ्याचा झगमगाट मारायला तिसरा.

जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात कळवलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींवरून संशोधकांनी २०२३ साली हिशेब मांडला: रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील, असं त्यांनी सोपं करून सांगितलं. पुतणी अठराचीच. तिनं बापाकडे बघितलं. बापानं शेंगदाणे पुढे केले.

उपग्रहांच्या नकाशांत ही वाढ इतकी दिसत नाही, कारण त्यासाठी वापरात असलेल्या मुख्य उपग्रहाच्या कॅमेऱ्याला नेमका निळा प्रकाशच दिसत नाही. म्हणून नकाशावर 'अंधार' दिसतो तिथे जाऊन मान वर करून बघावंच लागतं. आमच्या भटकंतीला एवढं शास्त्रीय कारण पुरे.

मंगळवार, २८ जानेवारी. पाटणा

पाचोरा, भडगाव करत चाळीसगाव गाठलं आणि तिथून डोंगराकडे वळलो. पाटणादेवीचं देऊळ गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. तारे बघायला तिथे जाणं हा आमच्यासाठी नुसता भूगोल नव्हता.

देवळातल्या शिलालेखाकडे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचं लक्ष वेधलं. लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि बाकीचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ काढला. मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं ते शके ११२८, श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. म्हणजे इ.स. १२०७. लेखाच्या शेवटच्या भागात त्या काळची मराठी आहे आणि त्यात कशावर किती वसूल करून मठाला द्यायचं याचा बाजारी तपशील आहे. खगोलाच्या शाळेला पैसा कुठून येणार हे दगडावर कोरून ठेवणारी माणसं मला भलतीच आवडली.

भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड नक्की कुठलं यावर विद्वान अजून भांडतात. चाळीसगावात हा विषय काढू नये. तिथे तो निकाली निघालेला आहे.

अभयारण्यात रात्री थांबू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, बिबट्याचा मुलूख आहे. आम्ही पायथ्याकडच्या एका ओळखीच्या मळ्यात पथारी टाकली. साडेसातनंतर चौकोन मोजला. मला सात दिसले, पुतणीला आठ. तरुण डोळ्यांना एखादा जास्त मिळणारच. कृत्तिका सुट्ट्या झाल्या. उत्तरेला चाळीसगावाकडे मात्र क्षितिजावर फिकट घुमट उभा होता आणि त्याच्या पोटातले तारे गेले होते. दक्षिणेला डोंगराची भिंत होती आणि त्या बाजूला आभाळ खूपच बरं होतं. रात्री दहाच्या सुमारास त्या भिंतीच्या वर अगस्त्य तारा आला. भास्कराचार्यांनी यंत्रांच्या अध्यायात म्हटलंय की बुद्धिमान माणसाच्या हातात नुसती काठी असली तरी तो बरंच मोजतो. आम्ही काठीऐवजी मूठ वापरली. हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच त्या जागेचा अक्षांश. तो दोन मुठींवर आला. पाटण्याचा अक्षांश वीसच्या थोडा पुढे आहे, म्हणजे मूठ खरं बोलली. अगस्त्य पावणेदोन मुठी.

साडेनऊला बांधावरून टॉर्च हलत आला. सत्तरीच्या घरातले आप्पा, शेजारच्या मळ्याचे. डोक्याला मफलर, हातात काठी, अंगावर घोंगडी. आम्ही तिघं गोधड्यांवर आडवे पडून आभाळ बघतोय हे बघून ते थबकले.

"काय देखी राहिनात भो?"

"तारे, आप्पा. पुण्याहून आलो."

"इतल्या लांबतून तारा देखाले? तुमना गावमा तारा नहीत का?"

मावसभाऊ इतका हसला की दूरचं कुत्रं भुंकायला लागलं. मी आप्पांना सांगितलं, नहीत. त्यांना ते पटलं नाही. ते बांधावर टेकले आणि ईशान्येला काठी केली. तिकडे सप्तर्षी उगवत होते. "ते खाटलं. चार खूर, आनि मांगे तीन चोर." खाट पळवायला निघालेले तीन चोर ही गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सांगतात. ज्यानं पहिल्यांदा रचली त्याला अंगणात झोपायची सवय असणार. आप्पांच्या लहानपणी रात्रीच्या पाण्याची पाळी खाटल्यावरून कळे: खाटलं अमुक झाडाच्या शेंड्याला लागलं की उठायचं. आता मोबाइल वाजतो.

मग ते निघाले. "ह्या हप्ताले रातनी लाइट शे." शेतीपंपाला थ्री फेज पाळीपाळीनं मिळते, एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्यात रात्री. रात्रीची पाळी असली की गव्हाला पाणी द्यायला या थंडीत, साप-विंचवातून, बिबट्याच्या मुलखातून जावं लागतं. सौर कृषीवाहिनीतून दिवसा वीज मिळणार असं सगळीकडे चाललंय, ती ज्यांना मिळाली ते सुटले. आप्पांचा टॉर्च उसाच्या फडाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. तो उजेड कुणी मालवावा असं मला अजिबात वाटलं नाही.

बुधवार, २९ जानेवारी. तोरणमाळ

दिवसभर गाडी. धुळे, चिमठाणे, दोंडाईचा. दोंडाईच्याजवळ मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या. काचा वर असूनही शिंका. सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडली. घोड्यांचा बाजार उठून गेलेला, घाट ओस. शहाद्याभोवती पपई, केळी आणि ऊस, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. वळणं मोजत बसू नये, पोटात कालवतं.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. अंधार हवा असेल तर नुसती दुर्गमता बघून चालत नाही, ही उंची कामाला येते. थंडीच्या रात्री तापीच्या खोऱ्यात गार हवा खाली बसते आणि चुलीचा, पाचटाचा, गाड्यांचा धूर तिच्यातच कोंडतो. खालच्या गावांतला उजेड त्याच धुरात पसरतो. वर आलं की तो थर पायाखाली राहतो.

मुक्कामाला पोचलो आणि बघतो तर अंगणाच्या चारही कोपऱ्यांत पांढरे फ्लडलाइट, तोंडं समोर. यशवंत तलावाच्या पलीकडची झाडं हिरवीगार दिसत होती, रात्री सात वाजता. व्यवस्थापकाला विचारलं, घालवता येतील का? तो भला माणूस, पण म्हणाला, "साहेब, दिवे घालवले की बाकीचे पाहुणे घाबरतात. तुम्हाला अंधार आवडतो, त्यांनी अंधाराचे पैसे भरलेले नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही जेवण मागे ठेवून वस्तीच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या खडकावर गेलो. सोबतीला तिथेच काम करणारा एक पावरा आदिवासी मुलगा आला. त्याला ती वाट ठाऊक होती आणि आम्हाला बिबट्याची भीती.

संधिप्रकाश पुरता सरायला पावणेआठ वाजले. मग पश्चिमेला एक फिकट पट्टा दिसायला लागला, खाली रुंद, वर निमुळता, शुक्राला पोटात घेऊन वर चढलेला. मावसभाऊ म्हणाला, सुरतेचा उजेड असेल. पुतणीनं मान हलवली. शहराचा उजेड क्षितिजाला धरून आडवा पसरतो. हा वर चालला होता, आणि सरळ वर न जाता शनी, शुक्र, गुरू ज्या वाटेवर रांगेत होते त्याच वाटेनं कललेला. हा झोडिॲकल लाइट. सूर्यमालेच्या प्रतलात पसरलेल्या बारीक धुळीवरून परतणारं ऊन. सूर्य मावळून दीड तास झाला होता आणि आम्ही उन्हाकडेच बघत होतो. मी याबद्दल वीस वर्षं वाचत होतो. पुण्यात तो दिसण्याची शक्यताच नाही, हे वाचूनही मनाला पुरतं कळलं नव्हतं.

आता टॉवेल. खडकावर पांढरा टॉवेल पसरला आणि शुक्राकडे पाठ करून हात धरला. सुरुवातीला काही नाही. हात हलवल्यावर टॉवेलवर काहीतरी हललं. पाचही बोटांची सावली, शुक्राच्या उजेडात पडलेली! पुतणीनं तीन-तीनदा हात काढून घातला. पावरा मुलगाही वाकून बघत होता. "हे रोजच पडतं," तो म्हणाला, "पण आम्ही टॉवेल टाकत नाही."

चौकोन मोजायला घेतला, शुक्राचा झगमगाट एका हातानं झाकून. तेरा-चौदापर्यंत एकमत होतं, मग भांडणं सुरू झाली. चौकोनाच्या जवळच देवयानी ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी. मेहरुणवर ती दुर्बिणीतही धड दिसली नव्हती. इथे ती नुसत्या डोळ्यांना लांबट ढगासारखी दिसली, आणि तिचा उजेड निघाला तेव्हापासून पंचवीस लाख वर्षं गेली आहेत. डोक्यावर गुरू रोहिणीशेजारी, पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांना लागून तांबडा मंगळ. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ स्पष्ट धुरकट. हिवाळ्यातली आकाशगंगा उन्हाळ्यातल्यापेक्षा फिकी असते, कारण आपण तेव्हा आकाशगंगेच्या केंद्राकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला बघत असतो. पण ती ब्रह्महृदयापासून मृगाच्या बाजूनं व्याधाला वळसा घालून दक्षिणेला उतरताना दिसली, अखंड. त्या गर्दीत मला मृग शोधायला क्षणभर थांबावं लागलं. शहरात नक्षत्र ओळखणं सोपं जातं, तिथे नक्षत्राचेच तारे तेवढे उरलेले असतात.

आकाश किती काळं हे सांगायला जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकी निरीक्षकानं २००१ साली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी दिली: पहिली सर्वांत गडद, नववी महानगराच्या मध्यावरची. मेहरुणला मी सातवी देईन. तोरणमाळला डोक्यावरच्या आणि उत्तरेकडच्या आभाळाला तिसरी, थोडं प्रेम मिसळून. दक्षिणेला मात्र नाही.

दक्षिणेचं दुःख पहाटे कळलं. पाचला गजर लावून उठलो. गाडीच्या काचेवर दव गोठून खरखरीत झालं होतं. पूर्व-आग्नेयेला वृश्चिक नांगी बाहेर काढत होता आणि त्याच्या मागून आकाशगंगेचा जाड, खरा भाग उगवत होता. दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा तारकागुच्छ, क्षितिजापासून दोन मुठी वर. दुर्बिणीत रवाळ, नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपका. त्याच्या खाली उजवीकडे त्रिशंकू असायला हवा होता. इतक्या उत्तरेला तो पाच ते दहा-अकरा अंशांवरच येतो. तेवढ्याच उंचीपर्यंत शहादा, प्रकाशा, नंदुरबार आणि हंगाम चालू असलेल्या कारखान्यांचा उजेड धुरात मिसळून उभा होता. वरचा एक तारा दिसला, बाकीचे त्या उजेडानं गिळले. डोक्यावरचं आभाळ आपल्या जागेचं असतं, क्षितिज मात्र शे-दीडशे किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या गावांचं मिळून असतं.

गुरुवार, ३० जानेवारी. तोरणमाळच

उशिरा उठलो. सीताखाई बघितली, गोरखनाथाच्या देवळात जाऊन आलो. पुढच्या महिन्यात महाशिवरात्रीची यात्रा, तेव्हा इथे अंधार नावालाही उरत नसणार. दुपारी आकाशात उंचावर पिसासारखे ढग आले ते रात्रीही गेले नाहीत. वेधांच्या दृष्टीनं दिवस संपला.

पण दुपारी त्या पावरा मुलासोबत त्याच्या पाड्यावर गेलो होतो, त्याबद्दल लिहायला हवं. इथली घरं एकमेकांना चिकटलेली नसतात, प्रत्येक घर आपापल्या शेताच्या उतारावर. त्याच्या घरी सौर दिव्याचा एक बल्ब. बॅटरी म्हातारी झाल्यानं रात्री नऊनंतर तो मंदावतो. आजी अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पोराला साप चावला तो अंगणातच. मी रात्रीच्या आभाळाचं कौतुक चालू ठेवलं असतं, पण त्यानं मध्येच शांतपणे विचारलं, "तुम्ही काल लाइट बंद करायला सांगत होते ना? आम्ही लाइट द्या म्हणून अर्ज देतो."

धडगाव तालुक्यातच बिलगाव आहे. तिथे लोकांनी श्रमदानातून छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला, २००३ साली गावात दिवे लागले आणि काही वर्षांतच सरदार सरोवराच्या फुगवट्यानं तो प्रकल्प गिळला. या डोंगरात उजेडाला असा इतिहास आहे. इथल्या अंधाराला 'वारसा' म्हणताना माझी जीभ अडते. वारसा आपण राखतो. हा अंधार इथे कुणी राखलेला नाही, उजेड पोचला नाही म्हणून तो राहिला.

संध्याकाळी पुतणीनं मुद्दा काढला की मग काळं आकाश वाचवा म्हणणारे आपण दुष्टच की. बाप म्हणाला, तोरणमाळच्या अंगणातले चार फ्लडलाइट काढून या पाड्यावर लावले तरी सगळ्यांचं भलं होईल. तो सहसा शहाणं बोलत नाही, म्हणून नोंद केली. त्यावर पुतणीनं दुरुस्ती केली: लावा, पण तोंड खाली करून.

शुक्रवार, ३१ जानेवारी. यावल

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं शिरपूर, चोपडा करत यावल. खड्डे, उसाच्या ट्रॉल्या आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या. मामांच्या मळ्यात पोचलो तेव्हा भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर पडली होती. जळगावची ती पांढुरकी-हिरवी, लांबोडकी वांगी, आत बिया नावाला. साल काढून लाकडी भांड्यात ठेचलेली, वरून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याच्या पुऱ्या. या विषयावर मी आणखी हजार शब्द लिहू शकतो, पण शीर्षक दुसरं आहे.

पश्चिमेला शनीच्या खाली चंद्राची बारीक कोर होती. माघ लागून दोन दिवस झाले होते, कुठल्याशा गावात हळदीचा डीजे सुरू झाला आणि केळीच्या वरून दोन निळे झोत आभाळ पुसायला लागले. आग्नेयेला भुसावळचं यार्ड आणि दीपनगरचं वीज केंद्र, नैर्ऋत्येला जळगाव. आणि अगदी समोर, मोटरच्या खोलीवर, मामांचा स्वतःचा फ्लडलाइट. तोंड आडवं, केळीच्या बागेकडे. अर्धा उजेड पानांवर आणि अर्धा पानांवरून थेट कृत्तिकांकडे.

मी मामांना विचारलं, हा कशासाठी?

"बिबट्यासाठी. आनि मोटर चोरी जाते."

दिव्याखाली किड्यांचा थर पडला होता. शेतात प्रकाश सापळा लावून कीड गोळा करायचा सल्ला मामा दर वर्षी ऐकतात, रात्री दिवा आणि खाली पाण्याची परात. त्यांचा फ्लडलाइट तेच काम परातीशिवाय करत होता, आसपासच्या शेतांतली कीड बोलावून. हे सांगितल्यावर मामा पहिल्यांदा दिव्याकडे नीट बघायला उठले.

पुतणीनं तेवढ्यात तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा शोधून काढला होता. कात्रीनं एक बाजू कापली, तळ तिरका केला आणि मावसभावानं शिडीवर चढून दिव्याचं तोंड खाली वळवून त्यावर ते छप्पर तारेनं बांधलं. मागच्या उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या मोकळ्या ठेवल्या, त्या झाकल्या तर एलईडी तापून मरतो. सगळं मिळून अर्धा तास. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. तिथेही आसपासच्या गावांतले दिवे काही नुसते काढून टाकले नाहीत. त्यांच्या जागी खाली उजेड पाडणारे बसवले.

दिवा लावला. मोटरची खोली, तिचं कुलूप, हौद, अंगण, सगळं आधीपेक्षा उजळ दिसायला लागलं, कारण वाया जाणारा उजेडही आता तिथेच पडत होता. डोळ्यांत झोत येणं थांबलं तशी पहिल्यांदा केळीच्या दांडांमधली वाटही दिसली. मी वर बघितलं. तोरणमाळ नव्हतं, पण कृत्तिकांचे पाच तारे सुटे झाले होते.

मामा डब्याकडे, मग बागेकडे बघत राहिले. "आंगन चांगलं दिसते भो. पन लांबून येनारा बिबट्या कसा दिसनार?"

पुतणी म्हणाली, हालचाल झाली की लागणारा सेन्सर बसवू.

"मंग त कुत्रं मुतलं तरी लागंन तो."

बरीच घासाघीस झाली, भरिताचा दुसरा घास उतरेपर्यंत. शेवटी ठरलं ते असं: डबा होळीपर्यंत राहणार. तोवर केळीत बिबट्या आला तर डबा निघणार, आणि बागेकडे तोंड असलेला नवा दिवा माझ्या पैशानं लागणार.